ताणातल्या बागेला पाणी

झाड सुकलं की त्याला पाणी द्यावं, हे शहाणपण जगाला शिकवायला माझी काही गरज नव्हती. तरी मी शिकवलं. कॅमेऱ्यासमोर उभं राहून, बोट वर करून, शुद्ध मराठीत शिकवलं. आणि त्या शिकवणीची फळं कोणाच्या पदरात पडली, तर माझ्या सख्ख्या बहिणीच्या. फळं म्हणायचं ते बोलण्यापुरतं. तिच्या पदरात त्या हंगामात फळ पडूच नये, अशी व्यवस्था मी करून ठेवली होती.

नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एका कारखान्यात मी उभी हयात कंट्रोल पॅनेल बनवण्यात घालवली. लाइट गेली तर मशीननं कुठल्या अवस्थेत थांबावं, आणि परत आली तर आपणहून सुरू व्हावं की माणसाची वाट पाहावी, हे ठरवणं माझं काम. या एका प्रश्नावर मी कितीतरी नव्या इंजिनियरांना रडकुंडीला आणलेलं आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे 'बिचाऱ्याला माहीत नव्हतं' असं म्हणून मला सोडून देण्याचा मोह कुणाला व्हायला नको.

निवृत्त झालो आणि रामदासपेठेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी सगळ्यांच्या पायात येऊ लागलो. सगळ्यांच्या म्हणजे बायकोच्या; घरात दुसरं कुणी नव्हतंच. तेव्हा पुण्याच्या भाच्यानं मला एक छोटा कॉम्प्युटर आणून दिला. छोटा म्हणजे पत्त्यातल्या एका पानाएवढी हिरवी पाटी, वर दोनचार चिपा आणि कडेला पिनांची रांग. टीव्ही आणि कीबोर्ड जोडला की पूर्ण कॉम्प्युटर, पिनांना वायर जोडल्या की दिवा लावा, बेल वाजवा, पंप चालवा, काय वाटेल ते. त्याला सगळे बोर्ड म्हणतात. मला कुणीतरी सतारच हातात दिल्यासारखं झालं, आणि बायकोला कळलं की आता हा वाजवत बसणार.

या बोर्डावर काय काय करता येतं ते दाखवणारे व्हिडिओ इंटरनेटवर ढिगानं आहेत, पण ते सगळे इंग्रजीत, आणि बोलणारी पोरं अशी घाईत की जणू त्यांची गाडी सुटते आहे. मी ठरवलं, आपण मराठीत करायचं, सावकाश. चॅनल काढलं. पहिला प्रयोग दाराच्या बेलचा. कुणी बेल वाजवली की त्याचा फोटो माझ्या फोनवर यायचा. कॅमेरा जरा वाकडा बसला होता, त्यामुळे फोटोत दूधवाल्याचा फक्त कान दिसायचा. तरी मी कान ओळखून दार उघडायला शिकलो. दुसरा प्रयोग गच्चीवरच्या टाकीचा. टाकी भरत आली की पंप बंद. हा व्हिडिओ बराच चालला आणि लोक मला 'सर' म्हणू लागले. कारखान्यात 'सर' पगाराबरोबर मिळत होतं. इथं फुकट मिळालेलं जास्त गोड लागलं.

मग तुळस गेली. आम्ही अमरावतीला एका लग्नाला गेलो होतो, परत आलो तर बाल्कनीतली तुळस वाळून काडी झालेली. बायको नुसती त्या कुंडीसमोर उभी राहिली. त्या दिवशी मी कामाला लागलो. मातीत ओल मोजणारी एक पट्टी खोचायची, ती बोर्डाला सांगणार माती किती कोरडी आहे. कोरडी असली की बोर्ड छोटा पंप सुरू करणार. नव्या तुळशीवर प्रयोग केला आणि फक्कड जमला.

त्या व्हिडिओतच मी तो नियम सांगितला. बोर्डाला फोनवरून 'पाणी बंद' असं सांगता येतं, पण ते त्याच्या तात्पुरत्या आठवणीत राहतं. लाइट गेली की विसरतो. मग लाइट परत आल्यावर त्यानं काय समजावं? पाणी चालू आहे असं समजावं, की बंद? मी बोट वर करून म्हणालो, "मंडळी, कुंडी चार दिवस ओली राहिली तर काही बिघडत नाही. कोरडी राहिली तर तुळस जाते. म्हणून शंका आली, की पाणी." हे वाक्य लोकांना फार आवडलं. मलाही आवडलं होतं.

आता बहिणीबद्दल. ती माझ्याहून मोठी. आम्ही लकडगंजात वाढलो, लाकडाच्या वखारींच्या मागच्या गल्लीत, दिवसभर लाकूड कापणाऱ्या आरा-मशिनीचा आवाज आणि दारात येऊन पडणारा भुसा. आई आजारी असायची, त्यामुळे माझी शाळा, माझं पोट, माझी भांडणं, सगळं ताईनंच निस्तरलं. पुढं तिचं लग्न नरखेडकडच्या संत्र्याच्या बागेत झालं. बागेत झालं असंच आम्ही म्हणायचो, कारण जावईबापू बागेतून बाहेर पडतच नसत. ते काही वर्षांपूर्वी गेले. मुलगा पुण्याला, मला बोर्ड आणून देणारा भाचा तो हाच. तेव्हापासून बाग तीच पाहते, एका गड्याला हाताशी धरून.

मी तिच्याकडे जात नव्हतो. यात भांडण नव्हतं, मान-अपमान नव्हता, काहीच नव्हतं. नुसता जात नव्हतो. भाऊबीजेला तीच नागपूरला यायची, "तुह्या कारखान्याले सुट्टी नसन" असं मीच न दिलेलं कारण स्वतः देत. हंगामात संत्र्याचं पोतं एसटीनं यायचं. ते घ्यायला मी स्टँडवर जायचो, घरी येऊन 'पोचलं' असा फोन करायचो. त्या गावाला माझं जाणं लग्नाला आणि मयतीला. निवृत्तीनंतरही त्यात काही फरक पडला नव्हता.

तुळशीचा व्हिडिओ पाहून ताईचा फोन आला. "ते तुह्यं डबडं माह्या बागेत चालते का गा?"

"बागेत? काहून?"

"शेतीची लाइट कवाबी येते बापा. मोटर चालू करायले विहिरीवर जा लागते. गुडघे दुखून राहिले माह्ये."

मला आकाश ठेंगणं झालं. तुळशीवरून थेट संत्र्याची बाग! मी त्याच आठवड्यात काटोलमार्गे जाणारी एसटी पकडली, मांडीवर वायरींची पिशवी घेऊन. मग दर आठवड्याला जाऊ लागलो. कधी पट्ट्या खोचायला, कधी मोटरच्या स्टार्टरला जोडणी करायला, कधी सिमकार्डाला रेंज मिळेना म्हणून. विहिरीशेजारच्या खोलीत मी भिंतीवर एक डबा बसवला, आत बोर्ड, तुळशीसाठी लिहिलेला प्रोग्राम तसाच घातलेला. ताई प्लास्टिकचं क्रेट पालथं घालून बाहेर बसायची आणि माझं काम बघायची. दुपारी पातोडीची भाजी असायची, गरम भाकरी असायची. निघताना ती विचारायची, "आता कवा येतं?" मी म्हणायचो, "अजून एक पट्टी बसवायची आहे." मग ती म्हणायची, "हो, ते राहिलीच न."

गड्याला आणि तिला मी एक गोष्ट निक्षून सांगितली होती. स्टार्टरला हात लावायचा नाही. सगळं आपोआप होईल. माणसानं मध्ये हात घातला की बोर्डाचा गोंधळ होतो, आणि मग व्हिडिओत काय दाखवू?

सगळ्या जोडण्या झाल्या तशा माझ्या खेपा विरळ झाल्या. डिसेंबरच्या सुमारास तिचा फोन आला की आता पाणी बंद ठेवजो, ताण द्यायचा आहे. संत्र्याचा ताण म्हणजे काय, हे तिनं मला नीट समजावून सांगितलं. थंडीत बागेचं पाणी तोडायचं. झाडं मलूल होतात, पानं वळतात, थोडी गळतातही. बघणाऱ्याला वाटतं बाग मेली. पण झाडाला जिवाची भीती वाटली पाहिजे, तरच मग पाणी सोडल्यावर ते अंगभर फुलतं. तोच आंबिया बहार, आणि त्या बहारावर तिचं वर्ष. मधेच झाडाला भरपूर पाणी मिळालं की ते निवांत होतं. फूल काढायच्या ऐवजी नुसती कोवळी पालवी काढत बसतं. या पालवीला तिकडे नवती म्हणतात. ताणात नवती फुटली की बहार गेला.

मी हे ऐकलं. 'हो, हो' म्हणत ऐकलं, आणि दुसऱ्या हातानं फोनवरचं बटण शोधत होतो. बटण दाबलं, हिरवा ठिपका लाल झाला. रामदासपेठेत सोफ्यावर बसून मी नरखेड तालुक्यातलं पाणी तोडलं. बायकोला बोलावून ठिपका दाखवला. ती म्हणाली, "छान. आता कणीक भिजवलेली आहे, ती फोनवरून लाटता येते का पाहा."

नंतर काय झालं ते सांगायला फार वेळ लागत नाही. तिकडची लाइट गेली. लाइट आली. बोर्ड पुन्हा सुरू झाला आणि माझा निरोप विसरला. त्यानं मातीला विचारलं, माती म्हणाली कोरडी ठणठणीत आहे. आणि बोर्डाला तर त्याच्या गुरुजींनी शिकवूनच ठेवलं होतं, शंका आली की पाणी. त्यानं मोटर सुरू केली. मी तेव्हा बेलचा कॅमेरा सरळ करण्याचा नवा व्हिडिओ काढत होतो, आणि तो लाल ठिपका परत हिरवा झाला की नाही हे मी पुढं कधी पाहिलंच नाही.

संक्रांतीनंतर मी तिच्याकडे गेलो, व्हिडिओ काढायला. कुंडीपासून बागेपर्यंतचा प्रवास, अशी माझी कल्पना होती. बाग बघून मी हरखून गेलो. काळ्याभोर झाडांवर जिकडे तिकडे पोपटी पालवी, इतकी कोवळी की ऊन आरपार दिसावं. मी कॅमेरा गड्याच्या हातात दिला आणि एक फांदी वाकवून लेन्सजवळ धरली. "बघा मंडळी, झाड कसं खुशीत आहे! याला म्हणतात ऑटोमेशन." ताईला बाजूला उभं केलं. तिनं डोक्यावरून पदर घेतला. मी विचारलं, "कसं वाटतं ताई तुले?"

ती म्हणाली, "माह्या भावानं लावलं. मस्त हाय."

एवढंच म्हणाली आणि कॅमेऱ्याकडे बघून हसली. मग तिळगुळाचा डबा माझ्या पिशवीत ठेवला आणि वहिनीला सांगजो म्हणाली, थोडा कडक झाला आहे.

हा व्हिडिओ माझ्या चॅनलवर सगळ्यात जास्त चालला. 'खूप छान सर', 'ताईंना नमस्कार सर', 'शेतकऱ्यांसाठी असंच काम करत राहा सर'. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'सर, झाडावर नवती दिसून राहिली. ताण तुटला का?' मी त्याला उत्तर दिलं, 'दादा, व्हिडिओ पूर्ण पाहा. सगळं आपोआप आहे.' पुढं हसरा चेहरा टाकला.

फेब्रुवारीत मी पुन्हा निघालो, एक पट्टी गंजली म्हणून. काटोल सोडलं आणि एसटीच्या खिडकीतून संत्र्याच्या फुलांचा वास आत आला. माझ्या उभ्या आयुष्यात या दिवसांत मी तिकडे कधी गेलोच नव्हतो, त्यामुळे हा वास मला नवा होता. सगळी बस त्या वासानं भरली. शेजारी बसलेला माणूस म्हणाला, "यंदा बहार चांगला फुटला बावा," आणि डोळे मिटून घेतले. मीही मिटले. ताईच्या गावाच्या फाट्यावर उतरलो तरी वास होता. पायवाटेनं चालताना दोन्ही बाजूंच्या बागा पांढऱ्या फुलांनी लगडलेल्या, मधमाश्यांचा नुसता गलका. मग ताईचा बांध आला. बांध ओलांडला तशी मधमाश्यांची गुणगुण मागं पडली. तिच्या झाडांवर पानं होती. दाट, हिरवी, तुकतुकीत पानं. फूल म्हणून कुठं एखादं, हरवल्यासारखं.

मी तिथंच उभा राहिलो. मला लगेच कळलं, असं मी म्हणणार नाही. पण मागं वळून शेजाऱ्याची बाग पुन्हा एकदा पाहिली.

ताई खोलीपाशी होती. मी विचारलं, "ताई, आपल्या बागेत फुलं काहून नाहीत?"

"थंडी बरोबर नाही पडली गा यंदा," ती म्हणाली. "होते कधी कधी. चाल, हात-पाय धू. भरीत केलं हाय."

थंडी काय तिच्या बांधापाशी येऊन परत गेली होती? पण मी हात-पाय धुतले. भरीत खाल्लं. पट्टी बदलली. तिनं विचारलं, आता कवा येतं, आणि मी काहीतरी उत्तर दिलं.

परतीच्या एसटीत मी फोनवर माझा तो व्हिडिओ उघडला. मी बोलतो आहे, पालवी हलवतो आहे. माझ्या खांद्यामागं बांधापलीकडची शेजाऱ्याची बाग दिसते. तिथली पानं फिकट, वळलेली, झाडं केविलवाणी. ताणावर बसलेली बाग कशी दिसते, याचा इतका स्वच्छ नमुना दुसरा मिळणार नाही. आणि पुढं ताईची बाग, नवतीनं लसलसलेली. सगळं कॅमेऱ्यात आलं होतं. बागायतदाराला एका नजरेत कळेल असं ते चित्र मीच काढलं, मीच त्याला बासरीचं संगीत लावलं आणि जगाला दाखवलं. मग ताईचा चेहरा आला. 'माह्या भावानं लावलं. मस्त हाय.' तिला त्या क्षणी सगळं माहीत होतं. तिचा बहार गेला होता, आणि ज्यानं घालवला तो तिला विचारत होता, कसं वाटतं.

मी फोन बंद केला. बाहेर पुन्हा तो वास होता. मला खिडकी लावून घ्यावीशी वाटली, पण शेजारची बाई तिच्या लेकराला फुलं दाखवत होती.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. थट्टा करायला ती एरवी क्षणभरही थांबत नाही. त्या दिवशी तिनं माझ्यापुढं पाणी ठेवलं आणि म्हणाली, "ताईंना फोन करा." मी केला नाही. चूक मशीनची असती तर फोन केला असता. जुळणी चुकली, सुटा भाग खराब निघाला, असं काही असतं तर मोठ्या आवाजात सांगितलं असतं. पण हे मी ठरवून लिहिलेलं होतं. दोन शब्द बदलून मी प्रोग्राम दुरुस्त केला, लाइट आल्यावर बोर्ड आता माणसाची वाट पाहणार होता. तेवढ्याला एक मिनिटही लागलं नाही, आणि त्याची मला जास्त लाज वाटली. मग तो व्हिडिओ चॅनलवरून काढून टाकला.

काही दिवसांनी मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन निघालो. डबा काढून आणायचा, ताईची माफी मागायची आणि यापुढं तिच्या झाडांना हात लावायचा नाही, असं ठरवलं होतं. फाट्यावरचा पानठेलेवाला मला बघून म्हणाला, "काय साहेब, नवती पाहाले आले का?" त्याच्याजवळ उभे असलेले दोघेजण हसले. मीही हसलो. दुसरं काय करणार? हसण्याचा हक्क त्यांचाच होता. हेच लोक गेला महिनाभर ताईला भेटत होते, हे मला चालता चालता सुचलं, आणि माझा वेग कमी झाला.

ताई खोलीबाहेर सावलीत वाळलेल्या तुरी पाखडत होती. माझ्या हातात पिशवी नव्हती, फक्त तो स्क्रू-ड्रायव्हर. तिनं बघितलं आणि सूप खाली ठेवलं.

"ताई, ताण माझ्यामुळं तुटला," मी म्हणालो. "लाइट आल्यावर मोटर सुरू झाली. माझ्या प्रोग्रामनं झाली."

"ठाऊक हाय मले."

"तुले मोटर ऐकू नाही आली?"

"आली न. पयले वाटलं, तूच चालू केली असन, काही पाहून राहिला असन. तू हात लावू नका म्हणतलं होतं. मंग लय वेळ चालली त म्या बंद केली. पर ओल पुरी गेली होती खाली."

म्हणजे तिनं माझं ऐकलं होतं. इतकी वर्षं बाग सांभाळलेली बाई मोटर चालू आहे हे ऐकत बसली होती, कारण मी हात लावू नको म्हणालो होतो. मला तिच्यावर राग आला, आणि तो राग खोटा आहे हे येतानाच कळत होतं. तरी मी तो वापरला. माझा आवाज चढला.

"मग तेव्हाच सांगायचं न! व्हिडिओ काढत होतो तेव्हा सांगायचं. माझ्या तोंडावर मारायचं. मी मूर्खासारखा पालवी दाखवत सुटलो, आणि तू बाजूला हसत उभी! अख्ख्या तालुक्यानं पाहिलं ताई. तुले हसले असतील लोक."

"हसले," ती म्हणाली. "हसू दे. मी त गावातल्या बायायले बोलावून दाखवला तो व्हिडिओ. आता दिसत नाही. काढला काहून?"

मी खोलीत गेलो आणि डब्याचा पहिला स्क्रू फिरवायला लागलो. ती मागून आली, दाराला हात टेकून उभी राहिली. गुडघ्यांमुळं ती उंबरा ओलांडताना थांबते, हे माझ्या लक्षात आलं. इतक्या खेपा केल्या, त्या गुडघ्यांसाठी म्हणून मशीन लावलं, आणि गुडघे कसे आहेत हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. ओल किती, रेंज किती, व्होल्टेज किती, एवढंच विचारलं होतं.

"ते राहू दे," ती म्हणाली.

"ताई, पुरे झालं. तुझा बहार गेला याच्यापायी."

"बहार का, पावसाळ्यात मृगाचा धरू. नाहीतर पुढच्या सालचा." पुढचं तिनं माझ्याकडे न बघता, डब्याकडे बघत सांगितलं. "तवा सांगतलं असतं, त तवाच काढून नेला असता तू डबा. मंग कायले आला असता इकडे?"

खोलीत मोटरच्या तेलाचा वास होता. बाहेर गडी कुणाला तरी हाका मारत होता. मी म्हणालो, "मी तसाही येईन ताई."

"हो, येजो न," ती म्हणाली. पाहुणा निघताना 'पुन्हा येतो' म्हणतो, त्याला आपण म्हणतो तसं. रुसवा नव्हता, टोमणा नव्हता. विश्वासही नव्हता.

मी तिला खोटं पाडायला काहीतरी शोधत होतो. एखादी भाऊबीज, एखादा पावसाळा, जावईबापू गेल्यानंतरचं एखादं साधं येणं, काम नसताना, वायरींची पिशवी नसताना. एकही सापडलं नाही. तिनं एका बहाराची किंमत लावून माझं येणं घेतलं होतं, आणि तिला तो सौदा महाग वाटला नव्हता. मला वाटला. मी तेवढ्या किमतीचा नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

तिच्या समाधानासाठी मी तो स्क्रू परत घट्ट केला, असं लोकांना सांगायला बरं वाटेल. खरं तसं नाही. डबा काढून नेला, तर मी पुढच्या महिन्यात इथं येईनच, याची मला स्वतःची खात्री नव्हती. म्हणून तो तिथंच राहू दिला.